दोन गज खाली, पदराआड

चंद्रपूरच्या गोल बाजारातून तुम्ही घरी निघालेले असता, आणि मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एका दुकानाबाहेर ठेवलेल्या खोक्यावर नजर पडते. भजनांच्या सीड्या, लग्नातली गाणी, आणि सगळ्यांत तळाशी धुळीने माखलेली एक डीव्हीडी: ‘दो गज जमीन के नीचे’, १९७२. वेष्टनावरची नावं वाचता वाचता तुमच्या पाठीवरून थंडगार काहीतरी सरकतं. हा पिक्चर तुम्ही पाहिलेला आहे. पण त्यातल्या भुताचा चेहरा तुम्ही आजवर पाहिलेला नाही.

असं कसं झालं, ते बघायचं तर खाली उतरावं लागेल, वर्षांचा एकेक थर बाजूला सारत. स्वेटर घाला. तिथे जानेवारी आहे.

१९८६

मूलवरून आलेली एसटी तुम्हाला सिंदेवाहीच्या पुढे एका फाट्यावर उतरवते आणि दिवे मिचकावत नागभीडकडे निघून जाते. अंधार इतका, की स्वतःचा हात दिसत नाही. धान कापून झालंय. बांध्या मोकळ्या पडल्यात, वाऱ्याला तनसीचा वास आहे. डावीकडे जंगल सुरू होतं, तिथे वाघदेवाच्या दगडाला शेंदूर फासलेला आहे. वैनगंगेपलीकडचा गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन अजून साडेतीनच वर्षं झालीत. इथली म्हातारी माणसं दोन्हीकडच्या मुलखाला अजून चांदाच म्हणतात.

समाजमंदिरासमोर तनस पसरून गाव बसलंय. पुढे पोरं, मध्ये बायका, मागे कांबळी पांघरलेले बाप्ये, कडेला शेकोट्या. टेबलावर टीव्ही, त्याखाली व्हीसीआर, आणि त्याच्याजवळ मफलर गुंडाळलेला व्हिडिओवाला पोरगा. आज गावात त्याच्याइतका मान कोणालाच नाही. घरटी वर्गणी काढून रात्रभरासाठी तीन पिक्चर ठरलेत. कॅसेटी नागपूरहून छोट्या लाईनच्या गाडीने नागभीडला आल्या आणि तिथून सायकलच्या कॅरिअरवर बांधून इथवर.

तुम्ही कडेला घुटमळता. एक म्हातारा वळून बघतो, शेजारच्याला कोपर लावतो.

“सरका जी थोडे. पाहुणे हायेत.”

लोक सरकतात. कोणी ओळख विचारत नाही. तुम्ही बसता.

पहिला पिक्चर देवाचा झाला, दुसरा मारामारीचा. मध्यरात्र उलटलीय. पोरांना हवा होता दोन वर्षांपूर्वी धुमाकूळ घातलेला ‘पुराना मंदिर’. पण त्याची कॅसेट दुसऱ्याच गावाला गेलीय, म्हणून व्हिडिओवाल्याने तो काढणाऱ्याच रामसे बंधूंचा जुना पिक्चर आणलाय. कोणी नाव ऐकलेलं नाही. थोडी कुरकुर होते. मग कॅसेट खटकन आत जाते.

इथे व्हीसीआरकडे नीट बघा. आतलं धातूचं चकचकीत ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतंय आणि अर्ध्या इंचाची फीत त्याला तिरपी घासत चाललीय. ही कॅसेट म्हणजे कॉपीची कॉपी आहे. प्रत्येक कॉपीत अंधार थोडा विरतो: काळ्याचा करडा होतो, करड्यात पांढऱ्या मुंग्या चालू लागतात. पडद्याच्या तळाशी एक पट्टा थरथरतोय. पोरगा ट्रॅकिंगचं बटण फिरवतो, हेडवर कचरा आलाय असं पुटपुटतो, कॅसेट काढून आत स्पिरिटचा कापूस फिरवतो. भयपटाचा सगळा जीव सावल्यांत असतो, आणि नेमक्या सावल्याच या फितीला पेलत नाहीत. म्हणून गावाला जे दिसत नाही, ते गाव आवाजावरून मनात रचतं. वारा, दाराची करकर, मातीवर पडणारं फावडं. पैशासाठी लग्न केलेली बायको आणि तिचा यार मिळून नवऱ्याला मारतात, पुरतात. आता तो परत येणार, हे सगळ्या गावाला कळून चुकलंय.

तुमच्या पुढ्यात सात वर्षांचा एक मुलगा आजीच्या मांडीत शिरून बसलाय. त्याच्या कानामागची जखमेची खूण तुमच्या ओळखीची आहे.

संगीत चढतं. बायकांमधून “अवो बाई!” असा दबका आवाज उठतो.

“बाबू, पाहू नोको,” म्हणत आजी लुगड्याचा पदर त्याच्या तोंडावर ओढते.

तो डोळे मिटत नाही. नऊवारीच्या जाडसर विणीतून बघत राहतो. तिथे काहीतरी उठतंय. कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांमध्ये एक काळपट आकार हलतो, मोठा होतो, आणि तेवढ्यात—

“लाईन गेली!”

काळोख. क्षणभर शेकोटीतलं लाकूड तडकल्याचाच काय तो आवाज. मग कोणीतरी किंचाळतं, दुसरं कोणी हसतं, आणि हसू गावभर पसरतं. हे हसू लक्षात ठेवा. ही माणसं मोहफूल वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात जातात. वाघाचं भय त्यांना रोजचं आहे, आणि त्यात कसलीच मजा नसते. ते ज्याचं त्याला एकट्यालाच भोगावं लागतं. हे भय मात्र वर्गणी काढून आणलेलं आहे, सगळ्यांत वाटून घेतलेलं. त्यातून पहाटे सगळे जिवंत उठणार असतात.

लाईन येते तेव्हा चेहरा निघून गेलेला असतो. मागे फिरव म्हणायला कोणी तयार नाही.

१९७२च्या आधी

आणखी खाली उतरा. महाबळेश्वर. धुकं खरं आहे, ते विकत आणलेलं नाही. सरकारी विश्रामगृहात रामसे कुटुंबाने मुक्काम ठोकलाय. मुंबईहून बसमध्ये नट, सामान, आई, सुना, सगळे भरून आलेत. सेट नाही, कारण सेटला पैसे नाहीत. सगळा पिक्चर साडेतीन लाखांच्या आसपास उरकायचाय. बायका स्वयंपाक करतात, हाताला लागेल ते काम करतात. कुमार पटकथा लिहितो, गंगूच्या हाती कॅमेरा, किरण आवाज सांभाळतो, अर्जुन संकलन, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करतात. केशू धरून सात भाऊ. वडील एफ. यू. रामसे यांचं फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान होतं, नंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला. त्यांनी मुलांना काश्मीरला नेऊन हाऊसबोटीत ठेवलं आणि जोसेफ मॅसेली यांच्या छायाचित्रणाच्या पुस्तकावरून कॅमेरा शिकायला लावला.

भुताकडे ते वळले आपल्याच १९७०च्या एका पडलेल्या पिक्चरमुळे. ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ चालला नाही. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरी करायला जातात, तेवढ्या प्रसंगाला लोक जागचे हलत नव्हते. थिएटरात बसून भावांनी ते पाहिलं आणि वडिलांना गळ घातली: सगळा पिक्चरच तसा करू.

विश्रामगृहाच्या ओसरीत थोडं थांबा. ही धावपळ तुम्हाला परकी वाटत नाही. वडशाच्या नाटक कंपन्यांत तुम्ही हेच पाहिलंय. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर चालणारी झाडीपट्टी रंगभूमी अशीच उभी राहते: दुपारी पेटी उचलणारा रात्री राजा होतो, पडदा ओढणारा विनोदी पात्र करतो. त्याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे बाहेरच्यांना या कामाचं मोल कळलं. रामसेंना बडे समीक्षक कायम खालच्या पायरीवर बसवत आले. कमी पैशातल्या कामाला कमी प्रतीचं समजायची सवय जुनी आहे. पण साडेतीन लाखांत देशभरच्या माणसांना एकमेकांना चिकटून बसायला लावणं ही कारागिरी आहे, आणि ती एका घराने हातांनी घडवली.

पुन्हा वर

आता चढा. १९८४, ‘पुराना मंदिर’, रुडकीत शिकलेला इंजिनिअर अनिरुद्ध अगरवाल सामरी नावाचा राक्षस होऊन उभा राहतो. १९८८, ‘वीराना’. मग केबल येते, व्हिडिओवाला पोरगा दुसऱ्या धंद्याला लागतो, कॅसेटींना बुरशी चढते. परदेशातली मोंडो मकाब्रो नावाची कंपनी रामसेंचे पिक्चर डीव्हीडीवर आणि पुढे ब्लू-रेवर आणते, तिकडचे लोक नवलाने बघतात. २०१८च्या डिसेंबरात तुलसी जातात, २०१९च्या सप्टेंबरात श्याम. २०१९च्या शेवटी नागभीडची छोटी लाईनही मोठी करण्यासाठी बंद होते. आजी तर त्याआधीच गेलेली.

आणि तुम्ही घरात, हातात डीव्हीडी.

ती सुरू होते. रंग फिके, पण सावल्या जागच्या जागी आहेत. कॅसेटवर जिथे नुसत्या मुंग्या होत्या, तिथे आता खोली दिसते, खिडकी दिसते, खिडकीबाहेरचं धुकं दिसतं. गंगूने प्रकाश कुठे ठेवला असेल, तेही कळतं. तुम्ही खुर्चीत पुढे सरकता. फावडं मातीत शिरतं. संगीत चढू लागतं. आता काही क्षण, आणि आयुष्यभर पदराआड राहिलेला तो चेहरा समोर येईल.

तुम्ही रिमोट दाबता. चित्र थांबतं.

हे एकट्याने बघायचं नाही.

तुम्ही खाली सतरंजी अंथरता, दिवा मालवता, घरातल्यांना हाक मारता. शेजारची दोन पोरं येतात, त्यांच्या मागून त्यांची आजी. दारात ती घुटमळते. जागा तर उरलेलीच नाही.

“सरका जी थोडे,” तुम्ही म्हणता, आणि आधी स्वतः सरकता.