‘जीन’ आणि ‘जीनियस’ : एका इंग्रजी शब्दकुळाच्या दोन वाटा

वर्धा जिल्ह्यातील आर्वी हे कापसाचे गाव आहे. या परिसरात ‘जीन’ हा शब्द इंग्रजीतून आला आहे याची जाणीव बोलणाऱ्याला नसते. कोणी जिनात कामाला जातो, कोणाची बैलगाडी जिनापाशी उभी असते, कोणाचे घर जिनाच्या मागच्या बाजूला असते. मूळ इंग्रजी शब्दातील स्वर ऱ्हस्व. मराठीने आपल्या नियमाप्रमाणे तो दीर्घ केला आणि सामान्यरूपात पुन्हा ऱ्हस्व केला. एखाद्या परक्या शब्दाला भाषेने आपले व्याकरण लावले म्हणजे त्याचे परकेपण संपले असे समजण्यास हरकत नाही.

याच परिसरातील महाविद्यालयात, मराठीच्या वर्गात, ‘जीनियस’ हा दुसरा इंग्रजी शब्द वावरतो, बहुधा ‘प्रतिभा’ या संस्कृत शब्दाआडून. कापसाचा ‘जीन’ आणि कवीचा ‘जीनियस’ हे एकाच कुळातले आहेत, ही गोष्ट मात्र कारखान्यालाही माहीत नाही आणि वर्गालाही नाही. ते एका कुळातले असून मराठीत त्यांची कधीच भेट झाली नाही, आणि या न झालेल्या भेटीचे परिणाम मराठी समीक्षेच्या परिभाषेवर उमटले, असे मला वाटते.

प्रथम व्युत्पत्ती. लॅटिनमधील ‘इंगेनियम’ या शब्दाचा अर्थ उपजत गुण, बुद्धीचा कल, कल्पकता. त्यातील धातू उत्पन्न करणे, जन्म देणे या अर्थाचा; संस्कृतातील ‘जन्’ धातू त्याचा सगोत्र. ‘जीनियस’ हा लॅटिन शब्दही त्याच धातूपासून निघालेला. ‘इंगेनियम’चे जुन्या फ्रेंचमध्ये ‘आंजँ’ झाले, तेथून ते इंग्रजीत ‘एंजिन’ म्हणून आले, आणि आरंभीचा स्वर गळून ‘जिन’ उरले. चौदाव्या शतकात चॉसर स्मृती व बुद्धी यांच्या जोडीने ‘एंजिन’ ही मनाची एक शक्ती म्हणून सांगतो. म्हणजे तोपर्यंत हा शब्द पुरता यंत्रवाचक झालेला नव्हता. मग अर्थ मनातून हातात आणि हातातून वस्तूत उतरत गेला : कल्पकता, युक्ती, कावा, कावा साधण्याचे साधन. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलमध्ये ‘जिन’ म्हणजे सरळ सापळा. अर्थापकर्षाचे उदाहरण म्हणून हे सांगता येईल, पण अपकर्ष म्हणताच आपण एक बाजू घेतलेली असते. कल्पना वस्तूत उतरणे ही अधोगती आहे, हे आधीच गृहीत धरलेले असते.

इतर भाषांनी ते तसे धरलेले नाही. फ्रेंचमध्ये ‘जेनी’ या एकाच शब्दाने असामान्य प्रतिभाही दाखवतात आणि अभियांत्रिकीही. स्थापत्य अभियांत्रिकीला तेथे आजही ‘जेनी सिव्हिल’ म्हणतात. (अठराव्या शतकाच्या आरंभी गालाँने अरबी सुरस कथांचा फ्रेंच अनुवाद करताना ‘जिन्न’साठी हाच शब्द योजला, आणि दिव्यातला राक्षस युरोपात या कुळात दत्तक गेला.) स्पॅनिश भाषेचे उदाहरण आर्वीकरांना अधिक जवळचे वाटावे. स्पॅनिश ‘इंखेनियो’ म्हणजे बुद्धीची चमक. १६०५ मध्ये सेर्व्हांतेसने डॉन किखोतेच्या नावाआधी लावलेले विशेषण यापासूनच झाले. पण क्यूबात ‘इंखेनियो’ म्हणजे साखरेचा कारखाना, त्याच्या घाण्यासकट आणि आवारासकट. आपल्याकडे जीन म्हणजे जसे आवार, तसेच. बुद्धी आणि कारखाना एका शब्दात नांदू शकतात. त्यांचा घटस्फोट इंग्रजीत का झाला, हा प्रश्न मग उरतो.

त्याचे उत्तर अठराव्या शतकात आहे. १७५९ मध्ये एडवर्ड यंगने मौलिक रचनेवरील आपल्या निबंधात अस्सल कृती वनस्पतीसारखी उगवते आणि अनुकरण मात्र कारागिरांच्या हातून घडवले जाते, असा भेद मांडला. १७९० मध्ये कांटने निसर्ग ज्या उपजत शक्तीच्या द्वारे कलेला नियम घालून देतो ती प्रतिभा, अशी व्याख्या केली, आणि ती करताना ‘इंगेनियम’ हा लॅटिन शब्द कंसात दिला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १७९३ मध्ये, अमेरिकेत एली व्हिटनीने सरकी वेगळी करणारे यंत्र तयार केले. १७९४ मध्ये त्याला पेटंट मिळाले. त्या यंत्राचे नाव ‘जिन’. एकाच शब्दाचे एक टोक कांटच्या कंसात आणि दुसरे व्हिटनीच्या दातेरी रुळावर! दोहोंत कार्यकारणभाव शोधणे भाबडेपणाचे होईल. पण कारखानदारी वाढू लागली त्याच काळात ‘न घडवलेले’ ते श्रेष्ठ, ही कल्पना साहित्यविचारात रुजली, हा निव्वळ योगायोग नव्हे. रेमंड विल्यम्स यांनी १९५८ च्या ‘कल्चर अँड सोसायटी’त दाखवले आहे की ‘जीनियस’चा अर्थ स्वभावविशेषापासून असामान्य सामर्थ्यापर्यंत चढला तो याच काळात. ‘इंडस्ट्री’ हा उद्यमशीलतेचा गुण याच सुमारास एक संस्था झाला. मराठी ‘उद्योग’ शब्दात मात्र दोन्ही अर्थ अजून टिकून आहेत, आणि ‘नसते उद्योग’ हा तिसराही.

व्हिटनीच्या यंत्राने सरकी काढण्याचे श्रम वाचवले, पण कापूस पिकवण्याचे वाढवले. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी पसरली ती त्यानंतर. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात तेथील कापूस अडला आणि लँकेशायरची दृष्टी वर्धा नदीच्या खोऱ्याकडे वळली. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झालेले होते. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा वेगळा निघाला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी ‘कापूस आयुक्त’ असे स्वतंत्र पदच निर्माण झाले आणि रिव्हेट-कार्नॅक यांनी ते सांभाळले. आर्वीचा कापूस पुलगाव स्थानकावर जाई; १९१७ मध्ये पुलगाव–आर्वी ही अरुंदमापी रेल्वे सुरू झाली. ती गाडी पुढे बंद पडली. तिने वाहून आणलेला शब्दसंग्रह बंद पडला नाही. ‘जीन’, ‘जिनिंग’, ‘प्रेस’, ‘ग्रेडर’ हे शब्द त्यातले.

येथे शब्द आणि वस्तू यांच्यातील एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. सरकी काढणे या मुलखाला नवे नव्हते. दोन रुळांमधून कापूस ओढून घेणारी आणि सरकी अलीकडे ठेवणारी चरखी घरोघर होती आणि ती बहुधा बायका चालवीत. व्हिटनीचा दातेरी जीन इथल्या आखूड धाग्याच्या कापसाला मानवला नाही. रुजला तो १८४० मध्ये अमेरिकेत मॅकार्थीने पेटंट घेतलेला, कातडी रुळाचा आणि पोलादी पट्टीचा जीन. म्हणजे तत्त्वतः चरखीच्या जवळचा. यंत्राचे तत्त्व ओळखीचे, नाव परके. नाव बदलले कारण जागा बदलली. घरातले काम आवारात गेले, बाईच्या हातचे मालकाच्या हाती गेले, आणि या बदलाला जुने नाव पुरेना. ‘चरखी’ साधनाचे नाव होते. ‘जीन’ मराठीत स्थळाचे नाव झाले. अमेरिकेच्या दक्षिणेतही असेच घडले आहे. ‘जिनिंग’ची गंमत आणखी वेगळी : इंग्रजीतले क्रियावाचक नाम मराठीत इमारत होऊन बसले.

पहिल्या वाटेने आलेल्या शब्दाचा हा वृत्तान्त. दुसरी वाट विद्यापीठाची. इंग्रजी साहित्याच्या अध्ययनातून ‘जीनियस’ची स्वच्छंदतावादी कल्पना आपल्याकडे आली, तेव्हा तिच्यासाठी ‘प्रतिभा’ हा तयार शब्द होता. भाषांतर इतके सोयीचे झाले की ते भाषांतर आहे हेच आपण विसरलो. वस्तुतः संस्कृत साहित्यशास्त्रातील प्रतिभेचा संसार निराळा आहे. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास यांची सांगड घातली, आणि हे तीन हेतू नसून तिघे मिळून एक हेतू आहे असे स्वतःच स्पष्ट केले. रोमन कवी होरेस ‘इंगेनियम’ आणि ‘आर्स’ यांच्याविषयी जवळजवळ हेच सांगतो : एकावाचून दुसरे लंगडे. यंगने जी फारकत केली ती मम्मटालाही अपरिचित आणि होरेसलाही. पण ‘प्रतिभा’ शब्दाच्या आवरणाखाली ती आपल्याकडे अशी शिरली की जणू आपल्याच परंपरेने ती केली होती.

तिचे पडसाद मराठी समीक्षेच्या नेहमीच्या शब्दांत ऐकू येतात. ‘यांत्रिक’, ‘कृत्रिम’, ‘निव्वळ कारागिरी’ ही दोषवाचक विशेषणे आहेत; ‘सहज’, ‘उत्स्फूर्त’, ‘सेंद्रिय’ ही गुणवाचक. ना. सी. फडके यांच्या १९३१ च्या ‘प्रतिभासाधन’ या ग्रंथाचे नाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. प्रतिभा आणि साधन या दोहोंचा एका समासात संसार थाटण्याचे धैर्य त्या शीर्षकात आहे. ग्रंथातील विवेचनाच्या मर्यादा काहीही असोत, पुढे ‘फडके’ आणि ‘तंत्र’ ही नावे एकमेकांना चिकटली आणि दोन्ही एकदमच हिणकस ठरली, हे मात्र न्यायाचे झाले नाही. ज्या शब्दाला आपण हिणवले त्या ‘तंत्र’ शब्दाचा संस्कृतातील एक जुना अर्थ हातमाग, ताणा हा आहे. विणण्याच्या साधनावरून ज्या भाषेत शास्त्रांना नावे पडली, त्या भाषेच्या समीक्षेने तंत्र म्हणजे उसने, वरवरचे असे मानावे, ही गोष्ट कापसाच्या मुलखात तरी खटकायला हवी. आणि लयीचे नियम सूत्रबद्ध करू पाहणारे मर्ढेकर, यंत्रयुगाच्या प्रतिमांचे कवी मर्ढेकर, यांना ‘यांत्रिक’ म्हणायला मात्र आपली जीभ रेटत नाही!

व्युत्पत्ती म्हणजे युक्तिवाद नव्हे, हे मान्य. दोन शब्द एका धातूचे निघाले म्हणून त्यांच्या आजच्या अर्थांत नाते सिद्ध होत नाही. नाही तर घोड्यावरचे फारसी ‘जीन’, जैनांचे ‘जिन’ आणि बाटलीतली ‘जिन’ यांचेही गोत्र कोणी जुळवील. (त्यांचे या कुळाशी काहीही नाते नाही.) व्युत्पत्ती एवढेच दाखवते की आज स्वयंसिद्ध वाटणारा विरोध कधी तरी नव्हता, आणि तो कोठे व केव्हा उत्पन्न झाला.

‘जीनियस’च्या भाषांतरात गमावलेली आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. इंग्रजीत ‘जीनियस’ माणसाचे नाव होते. तो माणूसच ‘जीनियस’ असतो. संस्कृतात प्रतिभा ही शक्ती, आणि ती एकट्या कवीची नव्हे. दहाव्या शतकाच्या आरंभी राजशेखराने तिचे कारयित्री आणि भावयित्री असे दोन प्रकार केले : एक रचणाऱ्याची, दुसरी जाणून घेणाऱ्याची. ‘प्रतिभावंत’ या मराठी शब्दात वाचकाला जागा नाही. भावयित्री प्रतिभा अभ्यासक्रमातल्या टिपेपुरती उरली.

कापसाच्या बाजारात मात्र पारखणाऱ्याला नाव आहे आणि वजनही. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हापासून ‘ग्रेडर’ हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आदराने, धास्तीने आणि शिवीच्या स्वरात असा तिन्ही तऱ्हांनी आला. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्याबोटांत धरून ती हळूहळू ओढायची, धागे समांतर करायचे आणि लांबी सांगायची, हे काम पोथीतून येत नाही आणि उपजतही नसते. राजशेखराने भावकांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या एकाला काहीच रुचत नाही, एक मत्सरी, एक तत्त्वाचा वेध घेणारा. आणि एक सतृणाभ्यवहारी, म्हणजे गवतासकट सगळे गिळणारा. आर्वीच्या बाजारात याला सरकीसकट घेणारा म्हणावे लागेल, आणि त्याला तेथे कोणी ग्रेडर नेमणार नाही.