तेल्या रोग व प्रतिजैव पदार्थ

तेल्या हा डाळिंबाचा जंतुजन्य रोग एकविसाव्या शतकाच्या आरंभी नाशिक जिल्ह्यातील बागलाण, मालेगाव, देवळा या तालुक्यांत फैलावला. डागाळून तडकलेल्या फळास पंचवटीच्या बाजार आवारात भाव कुठला? त्यामुळे ९० टक्के स्ट्रेप्टोमायसीन व १० टक्के टेट्रासायक्लीन यांचे मिश्रण वारंवार फवारले जाऊ लागले. पैकी स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयावरील पहिले प्रभावी औषध (१९४४). फवाऱ्यातून तगलेले जंतू आपली प्रतिरोधक्षमता अन्य जातींच्या जंतूंनाही देऊ शकतात; धोका बागेपुरता राहत नाही. म्हणून केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये या मिश्रणाच्या शेतीतील वापरावर बंदी घालणाऱ्या आदेशाचा मसुदा काढला. बंदीने बाग मात्र वाचत नाही. पावसाळी मृग बहार टाळून हस्त बहार धरणे, रोगट फांद्या छाटून जाळणे, बोर्डो मिश्रण फवारणे हे जुने, कष्टाचे उपाय करावेच लागतात.