सायनसदाह, प्रतिजैविके आणि दहा दिवस

गालाच्या हाडात, वरच्या दातांच्या मुळांलगत असलेल्या पोकळीचे, म्हणजे सायनसचे, सविस्तर वर्णन नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने १६५१ मध्ये केले. तिच्यात साठलेला पू काढून टाकणे हाच पुढे दीर्घकाळ मुख्य उपचार ठरला. न्यूयॉर्कचे कॉल्डवेल (१८९३) आणि पॅरिसचे ल्यूक (१८९७) यांच्या नावाने ओळखली जाणारी, वरच्या ओठाखालून हाड उघडण्याची शस्त्रक्रिया याच विचारातून आली. पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागल्यावर (पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये त्याचे उत्पादन १९५५ मध्ये सुरू झाले) फॅमिली डॉक्टरांच्या हाती प्रतिजैविके, म्हणजे जीवाणूंना मारणारी औषधे आली. मात्र समोरच्या रुग्णाचा त्रास जीवाणूंमुळे आहे की साध्या सर्दीच्या विषाणूंमुळे, हे ओळखण्याचे खात्रीचे साधन त्यांच्यापाशी नव्हते, कारण पोकळीत सुई घालून द्राव तपासणे दवाखान्यात शक्य नव्हते.

हे ओळखण्यासाठी क्ष-किरणांवर ठेवलेला भरवसाही टिकला नाही. १९९४ मध्ये नुकतीच सर्दी झालेल्या ३१ जणांचे सीटी स्कॅन काढले गेले, तेव्हा त्यांतील बहुतेकांच्या गालाच्या सायनसमध्ये बदल आढळले आणि ते प्रतिजैविकांविना बव्हंशी ओसरलेही. नेदरलँड्समधील १९९७ च्या चाचणीचे मोल यापेक्षा मोठे आहे, कारण ती रुग्णालयातल्या निवडक आजाऱ्यांवर नव्हे, तर फॅमिली डॉक्टरांकडे येणाऱ्या रुग्णांवर झाली: क्ष-किरण चित्रात दोष दिसलेल्या २१४ जणांपैकी काहींना अ‍ॅमॉक्सिसिलिन व उरलेल्यांना औषधी गुण नसलेली गोळी दिली असता, दोन आठवड्यांनी पहिल्या गटातील ८३ टक्के, तर दुसऱ्या गटातील ७७ टक्के रुग्णांना आराम पडला होता. नॉर्वेतील १९९६ च्या चाचणीत मात्र, सीटी स्कॅनने निदान पक्के झालेल्या रुग्णांना प्रतिजैविकांचा स्पष्ट लाभ झाला होता. म्हणजे औषध निरुपयोगी नव्हते, त्याची गरज असलेला रुग्ण निवडणे अवघड होते. २००८ मध्ये अडीच हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासल्यावर, पंधरा जणांना औषध दिले तर एकच जण अधिक बरा होतो, असे दिसले. घशात पू उतरलेल्या रुग्णांत हे प्रमाण आठास एक होते.

म्हणूनच इंग्लंडच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेने लक्षणांच्या कालावधीला महत्त्व दिले: पहिल्या दहा दिवसांत सहसा प्रतिजैविक देऊ नये, त्यानंतर नाकातील स्टेरॉइड फवाऱ्याचा विचार करावा किंवा आठवड्याभरात उतार न पडल्यास वापरायची चिठ्ठी लिहून द्यावी. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे किंवा तीव्र डोकेदुखी असल्यास मात्र ही प्रतीक्षा लागू होत नाही. अशा रुग्णाला तत्काळ रुग्णालयात पाठवावे लागते.