'लव्ह'साठी जपानी क्रियापद : 'ताइसेत्सु'पासून 'आइसुरु'पर्यंत

इंग्रजीतील 'लव्ह' या एकाच क्रियापदात देवावरची भक्ती, आईची माया, प्रियकराची ओढ आणि आंब्याची आवड हे सगळे मावते. जपानीत तसे होत नाही. तेथे प्रत्येक वेळी क्रियापद निवडावे लागते, आणि या निवडीला साडेचारशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात गोव्याशी जोडलेली आहे. आंजिरो हा जपानी गृहस्थ 1548 साली गोव्यात ख्रिस्ती झाला आणि पुढल्या वर्षी फ्रान्सिस झेवियरबरोबर कागोशिमाला उतरला. देवासाठी त्याने 'दाइनिची' हा शब्द सुचवला. पण दाइनिची म्हणजे महावैरोचन बुद्ध! ही चूक लक्षात आल्यावर झेवियरने तो शब्द टाकला आणि मूळचा 'देउस'च ठेवला. नाम असे उसने घेता येते. क्रियापदाचे काय करायचे?

'आइ' हा चिनी लिपीतला शब्द जपानीत होता. मात्र बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत हेच अक्षर 'तृष्णा' या संस्कृत शब्दासाठी वापरले गेले होते. द्वादश निदानांतील तृष्णा, म्हणजे दुःखाला कारण होणारी आसक्ती, ती हीच. बौद्ध श्रोत्याला 'देवावर आइ करा' असे सांगितले तर त्याच्या कानावर काय पडले असते, याची कल्पना करावी. (आपल्याकडे 'माया' शब्दाचे असेच आहे. वेदान्तात ती भ्रम, घरात ती आईची.) शिवाय आइ बहुधा वरून खाली वाहणारे: थोरांनी लहानांवर करायचे. म्हणून जेझुइटांनी 'ताइसेत्सु नि ओमोउ', म्हणजे 'मोलाचे मानणे', हा प्रयोग निवडला. देवाच्या संदर्भात त्याला आदरार्थी 'गो' लागून 'गोताइसेत्सु' झाले. मला हे भाषांतर फार शहाणपणाचे वाटते. त्यात भावनेच्या उमाळ्यापेक्षा किंमत ओळखण्यावर भर आहे.

1614 च्या बंदीनंतर मात्र ही परंपरा उघड व्यवहारातून नाहीशी झाली. एकोणिसाव्या शतकात हेपबर्न, ब्राउन हे प्रोटेस्टंट मिशनरी आणि त्यांचे जपानी सहकारी बायबलच्या भाषांतराला बसले, तेव्हा त्यांच्यासमोर चिनी बायबल होते आणि त्यात 'आइ' होते. 1880 साली पूर्ण झालेल्या नव्या कराराच्या जपानी भाषांतरात देव जगावर 'आइ' करतो. अशा रीतीने तृष्णेचे अक्षर पवित्र झाले.

स्त्रीपुरुषांच्या प्रेमाचा प्रश्न तरीही उरलाच. 'कोइसुरु' (ओढ लागणे) आणि 'होरेरु' (भाळणे) ही जुनी क्रियापदे होती. पण सुधारकांना त्यांच्याभोवती रंगमहालाचा वास येई. स्त्रियांसाठीच्या 'जोगाकु झाश्शी' या मासिकात इवामोतो योशिहारू यांनी 1890 साली 'रेन्‌आइ' या नव्या शब्दाची पाठराखण केली. 'कोइ' आणि 'आइ' यांची अक्षरे त्यात जोडलेली होती. 1892 साली त्याच मासिकात कितामुरा तोकोकु यांनी त्यावर गाजलेला निबंध लिहिला. पालकांनी ठरवलेल्या लग्नांच्या समाजात हा वाद नुसता शब्दांचा नव्हता.

येथे साधनचिकित्सेचा एक मुद्दा. नात्सुमे सोसेकी यांनी 'आय लव्ह यू'चे भाषांतर 'चंद्र सुंदर आहे' असे करायला सांगितले, ही गोष्ट सर्वत्र ऐकू येते. सोसेकींच्या लेखनात तिला आधार नाही. 1916 साली ते वारले आणि ही गोष्ट पसरली ती त्यानंतर कित्येक दशकांनी. फुताबातेई शिमेई यांनी त्याच वाक्याचे भाषांतर 'मेले तरी चालेल' असे केले, हेही अर्धेच खरे. त्यांचे ते शब्द 1896 च्या भाषांतरात आहेत. पण मूळ रशियन आहे, तुर्गेनेव्हची 'आस्या'. आणि तेथे नायिका कुजबुजते तो शब्द आहे 'तुमची'. 'लव्ह' त्या जागी नाहीच.

आजही जपानी जोडपी एकमेकांना 'आइशितेइरु' क्वचितच म्हणतात. रोजच्या बोलण्यात 'सुकि', म्हणजे 'आवडतोस' किंवा 'आवडतेस', एवढ्यावर भागते. व्याकरणाने पाहिले तर ते क्रियापदही नाही.