पिकाचे मेणकवच आणि मेदवाहक प्रथिने

द्राक्षमण्यावरील पांढरट थर, कोबी व कांद्याच्या पातीवरून घरंगळणारे पाण्याचे थेंब हे पिकाच्या मेणकवचाचे काम आहे. पाणी पेशीत टिकवणे आणि बुरशीला बाहेर रोखणे यासाठी पीक हे कवच तयार करते. त्यात ‘लिपिड ट्रान्सफर प्रोटीन’ म्हणजेच मेदवाहक प्रथिनांचा वाटा असतो. त्यांची ओळख असल्यास फवारणीत कोठे हात आखडता घ्यावा, हे समजते.

रचना

- ही प्रथिने आकाराने लहान असतात. पहिल्या गटातील प्रथिनांचे वजन सुमारे ९ किलोडाल्टन, तर दुसऱ्या गटातील सुमारे ७ किलोडाल्टन असते.
- प्रत्येकात सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल आठ ठिकाणी असते. त्यांच्या जोड्या जुळून गंधकाचे चार बंध तयार होतात. गोणीचे तोंड टाक्यांनी पक्के करावे, तसे हे बंध प्रथिनाची घडी घट्ट धरतात.
- मधोमध पोकळी असते. तिच्या आतील बाजूला पाणी मानवत नाही, त्यामुळे तेथे मेदाचा रेणू सामावतो.

गुणधर्म आणि कार्य

मेणाचे घटक पानाच्या वरच्या थरातील पेशींत तयार होतात. पृष्ठभागावर येण्यासाठी त्यांना ओलसर पेशीभित्तिका ओलांडावी लागते; मात्र मेद पाण्यात विरघळत नाही. या वाटेवर ही प्रथिने मदत करतात, असे मानले जाते. अरॅबिडोप्सिस या मोहरीवर्गीय वनस्पतीत अशा एका प्रथिनाचे जनुक निकामी केल्यावर खोडावरील मेणाचा प्रमुख घटक कमी झाला.

काही प्रथिने थेट बुरशीची वाढ रोखतात. कांद्याच्या बियांत याच कुळातील एक बुरशीरोधक प्रथिन आढळले आहे. गंमत म्हणजे ते मेदाची वाहतूक करत नाही.

पक्क्या घडीमुळे ही प्रथिने उष्णता व पचनरस सहन करतात. म्हणून पीचसारख्या फळाची ॲलर्जी असलेल्या काही व्यक्तींना शिजवलेले फळही त्रास देते. पीचमध्ये हे प्रथिन मुख्यतः सालीत असते. असा त्रास असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शेतात काय लक्षात घ्यावे?

- द्राक्ष : मण्यात पाणी उतरल्यानंतर स्टिकर, स्प्रेडर किंवा तेलयुक्त फवारणी शक्यतो टाळावी. घड हाताळताना मणी चोळले जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी. पुसलेला थर पूर्ववत होईल या भरवशावर राहू नये. ताज्या द्राक्षाचा दर ठरवताना हा थर पाहिला जातो.
- बेदाणा : येथे उद्देश नेमका उलट असतो. प्रति लिटर पाण्यात १५ मि.लि. डिपिंग ऑइल व २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात घड बुडवल्यास मेणथराची रचना बदलते, ओलावा लवकर बाहेर पडतो आणि मणी लवकर सुकतात. मेणकवच पाणी किती अडवते, हे यावरून कळते.
- कांदा : पातीवरील मेणामुळे द्रावण घसरते. म्हणून स्टिकर वापरावे, पण लेबलवरील मात्रेतच. जादा मात्रेने कवचाला इजा होऊ शकते.
- रोपवाटिका : पाण्याचा थोडा ताण मिळाल्यावर काही वनस्पतींत मेण व ही प्रथिने दोन्ही वाढल्याचे दिसले आहे. टोमॅटो, मिरचीची रोपे पुनर्लागवडीपूर्वी पाणी हळूहळू कमी करून कडक करावीत. मात्र रोपे कोमेजू देऊ नयेत.

मेणकवच हे पिकाने स्वतःच्या खर्चाने उभे केलेले पहिले संरक्षण आहे. फवारणीच्या टाकीत काहीही मिसळण्यापूर्वी त्याचा या कवचावर काय परिणाम होईल, याचा आधी विचार करावा.