बत्तीस बोअरची कुळकथा

वलवणचा माणूस पुण्याला निघाला की लोणावळ्याला लोकलमध्ये बसतो. वाटेत देहूरोडला लष्कराचे डेपो लागतात, मग चापेकरांचं चिंचवड येतं, आणि शिवाजीनगरच्या थोडं आधी खडकी. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. इंग्रजांनी तो फौजेच्या काडतुसांसाठी उभारला. आज तिथे सैन्याच्या मालाबरोबर परवानाधारक नागरिकासाठी .३२चं काडतूसही तयार होतं, बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं घेऊन. रेंजवर नेम मारण्यासाठी एखादं जुनं, परवडणारं पिस्तूल घ्यावं असं ज्याच्या मनात आहे, त्याने हत्याराआधी या काडतुसाची कुळी पाहावी. आपल्याकडे जुनं पिस्तूल कामाचं की कपाटात ठेवण्याचं, हे काडतुसावर ठरतं.

युरोप-अमेरिकेत गोष्ट सोपी आहे. तिथल्या पोलिसांनी किंवा सैन्याने हत्यार बदललं की जुनी पिस्तुलं ‘सरप्लस’ म्हणून व्यापाऱ्यांमार्फत बाजारात येतात. जर्मन पोलीस ९ मिलिमीटरकडे वळले तेव्हा त्यांची ७.६५ची वॉल्थर पीपी अशीच लोकांपर्यंत पोहोचली. चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड ५० आणि ७० याही याच वाटेने आल्या. खिशाला झेपणारं आणि मजबूत, म्हणून हौशी नेमबाजाला असं जुनं पिस्तूल आवडतं. आपल्याकडे मात्र सरकारी हत्यार नागरिकाच्या हाती येण्याचा रस्ता फार पूर्वीच बंद झाला.

१८५७नंतर इंग्रजांनी हिंदी माणसाच्या घरातली शस्त्रं गोळा केली आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला परवाना, गोऱ्या माणसाला सूट. हा भेद आपल्या लोकांना फार लागला होता. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासूनच या कायद्याविरुद्ध ठराव केले. गांधीजींनी १९३० साली सरकारपुढे ठेवलेल्या ११ मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने मिळावेत हीसुद्धा एक मागणी होती. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या माणसाला ती मागावीशी वाटली, यावरून त्या कायद्यातला अपमान किती खोल होता ते कळतं.

फौजेचं काडतूस ज्यात बसेल असं हत्यार रयतेकडे असू नये, हे त्या काळातलं सूत्र स्वातंत्र्यानंतरही टिकलं. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली .३०३, .३८, .४५५, ९ मिलिमीटर ही सैन्य-पोलिसांची मापं निषिद्ध बोअरमध्ये गेली. त्यांचा परवाना केंद्र सरकारकडून, तोही क्वचित. जिल्हाधिकारी देतो तो अनिषिद्ध बोअरचा, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत ‘एनपीबी’चा. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरपुरतं बोलायचं तर त्यात मुख्यतः .३२ उरलं. आपल्या फौजेने हे माप कधी मुख्य म्हणून स्वीकारलं नव्हतं, म्हणून ते नागरिकाच्या वाट्याला आलं.

आणि इथे नवखा माणूस फसतो. .३२ म्हणजे एकच काडतूस नव्हे. एकाच आडनावाची दोन वेगळी घराणी असावीत, तशी ही दोन कुळं आहेत.

पहिलं कुळ रिव्हॉल्व्हरचं. स्मिथ अँड वेसन कंपनीने १८९६ साली .३२ लाँग हे काडतूस आपल्या रिव्हॉल्व्हरसोबत आणलं. त्याच सुमारास थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त होते आणि तिथल्या शिपायांसाठी त्यांनी कोल्टचं .३२चं रिव्हॉल्व्हर निवडलं. जोर बेताचा, धक्का कमी, नेम चांगला. कानपूरच्या सरकारी कारखान्यात वेब्लीच्या धर्तीवर बनणारं, मधोमध मोडून भरायचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर याच कुळातलं.

दुसरं कुळ पिस्तुलाचं. अमेरिकेतल्या ऑग्डेनचा जॉन ब्राउनिंग याने १८९९च्या सुमारास ७.६५ मिलिमीटरचं छोटं काडतूस आखलं आणि बेल्जियममधल्या हेर्स्टालच्या एफएन कारखान्याने त्याचं १९००चं मॉडेल काढलं. नळी चौकटीला पक्की, परतीची स्प्रिंग नळीच्या वर, आणि सगळं खिशात मावणारं. सुमारे ७ लाख नग निघाले. अमेरिकेत हेच काडतूस कोल्टच्या १९०३च्या पिस्तुलाबरोबर .३२ ऑटो झालं.

ब्राउनिंगचं नाव महाराष्ट्रात गेलं ते मात्र नेमबाजीच्या वाटेने नव्हे. १९०९च्या सुरुवातीला लंडनच्या इंडिया हाउसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन पेटीच्या खोट्या तळाखाली २० ब्राउनिंग पिस्तुलं घेऊन मुंबईला उतरला. ती सावरकरांनी पाठवली होती. २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या ते ब्राउनिंगनेच. १९ एप्रिल १९१०ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे फासावर गेले. त्या काळच्या मराठी घरांत पिस्तूल या वस्तूभोवती जो धाक आणि जो आदर तयार झाला, त्याचं मूळ मला या खटल्यात दिसतं. ती वस्तू खेळाची असू शकते, हे मनात यायला पुढे अर्धशतक जावं लागलं.

ते मनात आणून देणाऱ्यांत एक मराठी माणूस आघाडीवर होता. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष झाले. राष्ट्रीय स्पर्धेआधीची अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. स्वतंत्र देशातल्या नागरिकाला शिस्तीत नेम धरता आला पाहिजे, हा विचार संसदेच्या सर्वोच्च खुर्चीवरच्या माणसाने उचलून धरला याचं मोल मोठं आहे. पुढे मुंबईचे अशोक पंडित १९९० साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सेंटर फायर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक जिंकले. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं, तिचा प्रकार .२२चा.

सेंटर फायर हा प्रकार थोडा उलगडून सांगायला हवा, कारण आपल्या जुन्या रिव्हॉल्व्हरचं नातं तिथे जुळतं. अंतर २५ मीटर, एकूण ६० गोळ्या. पहिल्या ३० सावकाश, पाच-पाच गोळ्यांना पाच मिनिटं. उरलेल्या ३० वेगाच्या: लक्ष्य ३ सेकंद समोर येतं, तेवढ्यात हात उचलून एकच गोळी, मग ७ सेकंद आडवं. या स्पर्धेत .३० ते .३८ इंचांपर्यंतचं माप चालतं, पण वॉल्थर किंवा पार्दिनीची खास स्पर्धेची पिस्तुलं ज्या काडतुसावर चालतात ते बहुतेकदा हेच १८९६चं .३२ लाँग, फक्त सपाट तोंडाच्या गोळीचं. तशी गोळी कागदात स्वच्छ गोल भोक पाडते आणि गुण मोजताना वाद राहत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी रिव्हॉल्व्हरसाठी काढलेलं काडतूस जागतिक स्पर्धेत अजून टिकून आहे, तेही केवळ त्याच्या अचूकपणावर.

आता खरेदी. १९८६च्या सुमारास सामान्य परवानाधारकासाठी परदेशी हत्यारांची आयात थांबली. सवलत राहिली ती नामांकित नेमबाजांना. त्यामुळे आधी देशात आलेलं प्रत्येक वॉल्थर, कोल्ट, ब्राउनिंग दुर्मीळ झालं आणि जुनं असूनही महागलं. परदेशात स्वस्ताईसाठी घेतात ती वस्तू इथे दागिन्याच्या भावाने जाते. मग २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच हत्यारं ठेवायची मर्यादा घातली आणि तिसरं वर्षभरात जमा करायला सांगितलं. आपल्याकडचा ‘सरप्लस’ म्हणायचा तर तो हा: आजोबांच्या कपाटातून निघालेला.

अशी वस्तू समोर आली तर आधी कुळ ओळखा. पिस्तुलाचं .३२ काडतूस आखूड, त्याची गोळी ७१ ग्रेनची. रिव्हॉल्व्हरचं लांब, गोळी ९८ ग्रेनची. पिस्तुलाच्या काडतुसाला किंचित कड असल्यामुळे ते काही रिव्हॉल्व्हरमध्ये बसतं आणि उडतंही. त्याचा दाब जास्त असतो, म्हणून हा प्रयोग कधीही करू नये. मग नळीत उजेड धरून आतले आटे पाहा. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या क्षारांनी नळी आतून खाल्ली जाते, आणि एकदा खड्डे पडले की नेम गेला. चौकटीवरचा आणि नळीवरचा क्रमांक परवान्याशी जुळवा. स्प्रिंग थकलेली आहे का, जादा मॅगझिन मिळतं का, हे चोख काम करणाऱ्या दुकानदाराकडून तपासून घ्या. खिशातल्या ब्राउनिंगची नळी जेमतेम ४ इंची आणि साइट नखाएवढी. त्यावर २५ मीटरला गुण मिळवणं कठीण आहे. रेंजसाठी मी कानपुरी रिव्हॉल्व्हरला झुकतं माप देईन, कारण त्याचं काडतूस खडकीत बनतं आणि त्याचे सुटे भाग देशात आहेत.

ज्याच्याकडे परवानाच नाही त्याने .१७७च्या एअर पिस्तुलाने सुरुवात करावी. २० ज्यूलपेक्षा कमी जोराच्या अशा पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि एखाद्या खेळाडूने वापरून सोडलेलं चांगलं पिस्तूल हीच आपल्याकडची खरी परवडणारी जुनी वस्तू आहे. १० मीटरवर चाप दाबायला जे शिकाल ते .३२वरही तसंच लागू पडतं.

घरातलंच हत्यार पुढच्या पिढीकडे यायचं असेल तर २०१६च्या नियमांनी वाट सोपी केली आहे. धारक ७० वर्षांचा झाला, किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असलं, तर हयातीतच वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. परक्याकडून घ्यायचं असेल तर विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं. लोणावळा-वलवणच्या माणसासाठी हे जिल्हाधिकारी कार्यालय पुण्यातच आहे. ते ४५ दिवस घेणाऱ्याने वाया घालवू नयेत. एखाद्या क्लबच्या रेंजवर जाऊन त्याच मापाच्या रिव्हॉल्व्हरने पाच-पाच गोळ्या मारून पाहाव्यात, आणि मगच पैसे मोजावेत.