बाड: कीर्तनकाराची वही आणि आपली वही

आजचा विषय आहे वही. हो, कागदाचीच. जानेवारीत आपण छानशी जर्नल घेतो, कव्हरवर नाव छापून घेतो आणि फेब्रुवारीत ती कपाटात जाते. पण आपल्याकडे वहीचा एक जुना प्रकार होता, ज्याच्यामुळे मराठीचं बरंच काही वाचलं. त्याचं नाव बाड.

पोथी आणि बाड वेगळं बरं का. पोथीची पानं आडवी आणि सुटी. ती कापडात गुंडाळून ठेवायची, बसून वाचायची. बाड मात्र शिवलेलं. पानं लांबट, शिवण आखूड बाजूला, म्हणजे पान वरच्या दिशेला उलटायचं. कीर्तनकार गावोगाव फिरणार, त्याला सुटी पानं कशी परवडतील?

आत काय असायचं? ज्याला जे लागेल ते. नामदेवांचे अभंग, शेजारी एकनाथांचं काहीतरी, आख्यानाचा तुकडा, मध्येच एखादं औषध किंवा हिशेब. दोन बाडं सारखी नसायची. वही ‘आपली’ करणं म्हणतात ते हेच! नाव कव्हरवर नाही, निवडीत दिसायचं.

आता तुकोबांकडे येऊ. त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची कथा सगळ्यांना माहीत आहे. पण अभंग टिकले त्यामागे लिहून घेणारी माणसंही होती. त्यातले एक संताजी तेली जगनाडे. त्यांच्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये तुकोबांचा गाथा छापला. म्हणजे तुकोबांनंतर सुमारे २७० वर्षांनी! आमच्या भाषेत सांगायचं तर एका सर्व्हरवर विसंबून न राहता अनेक ठिकाणी बॅकअप.

पण इतकी वर्षं कागद टिकतो कसा? जुना हातकागद चिंध्या, ताग अशा लांब धाग्यांच्या मालापासून व्हायचा. त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचं, म्हणजे बोरू अडखळत नाही आणि शाई फुटत नाही. जुन्नर आणि दौलताबादचा कागद प्रसिद्ध होता. दौलताबादजवळच्या कागजीपुरा गावाच्या तर नावातच धंदा आहे. शाई काजळ आणि डिंकाची. काजळ म्हणजे कार्बन, ते उजेडाने उडत नाही. कमजोरी एकच, पाणी. डिंक विरघळला की अक्षर पसरतं.

उलट एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात आम्ल राहायचं. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक कधीकधी हातात घेताच पापडासारखं मोडतं आणि त्याहून जुनं बाड मजेत उलटता येतं. नवं म्हणजे टिकाऊ, असं नाही!

मग वही घेताना काय बघायचं? एक, शिवण. पानांचे जुडगे दोऱ्याने शिवलेत की नुसता गोंद आहे? शिवलेली वही सपाट उघडते आणि पानं गळत नाहीत. दोन, कागद आम्लरहित आहे का. फाउंटन पेन वापरत असाल तर कागद जरा जाड घ्या. पण जीएसएमचा आकडा फक्त वजन सांगतो, शाई फुटेल की नाही ते सांगत नाही, म्हणून आधी एका कोपऱ्यात लिहून बघा. तीन, शाई पिगमेंटची घ्या, ती पाण्यालाही बऱ्यापैकी पुरून उरते. फक्त फाउंटन पेनमध्ये त्याच्यासाठी बनवलेलीच भरा, नाहीतर निब तुंबते.

आणि कव्हरवर नाव छापायच्या आधी आत काय जमा करणार ते ठरवा. आजीच्या ओव्या, बाबांच्या तोंडच्या म्हणी, घरचा मसाला... फोनमध्ये हे रेकॉर्ड होईल, नाही असं नाही. पण फोन आपण तीन-चार वर्षांत बदलतो. बाड बदलायचं नसतं, पुढच्याच्या हातात द्यायचं असतं.

तुमच्या घरात जुनी वही असेल तर आज काढून बघा. मोडीत असली तर रद्दीत घालू नका, वाचणारं कुणीतरी शोधा. भेटू पुढच्या भागात!